वॉशिंग्टनमधलं राष्ट्रीय ख्रिसमस ट्री: एका संध्याकाळचा नीट आखलेला बेत

अमेरिकेच्या राजधानीत डिसेंबरमध्ये नाताळची मोठी झाडं तीन असतात आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. फोटो पाहिलेला असतो एका झाडाचा, मोबाइलवर पत्ता टाकलेला असतो दुसऱ्याचा आणि चौकशी केलेली असते तिसऱ्याच्या तिकिटाची. म्हणून आधी ही तिन्ही नीट ओळखून घ्या.

पहिलं म्हणजे नॅशनल ख्रिसमस ट्री. व्हाइट हाउसच्या दक्षिणेला इलिप्स नावाचं लंबगोल, उघडं मैदान आहे, तिथे ते असतं. राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत दिवे लागतात ते याच झाडाचे. व्यवस्था नॅशनल पार्क सर्व्हिसकडे असते.

दुसरं कॅपिटल ख्रिसमस ट्री. संसदेच्या पांढऱ्या घुमटापुढे, पश्चिमेकडच्या हिरवळीवर ते उभारतात. उंचीने हेच सहसा जास्त भरतं. दरवर्षी वेगळ्या राष्ट्रीय जंगलातून ते तोडून आणलं जातं. लोक याला ‘पीपल्स ट्री’ म्हणतात.

तिसरं व्हाइट हाउसच्या आत, ब्लू रूममध्ये. ते बघायला व्हाइट हाउसच्या आतल्या फेरीची परवानगी लागते. ती परवानगी संसद सदस्याच्या कार्यालयातून कित्येक आठवडे आधी मागावी लागते. परदेशी पाहुण्यांनी आपल्या दूतावासाकडे विचारायचं असतं. ऐनवेळी फाटकाशी जाऊन काहीही होत नाही, त्यामुळे हे झाड बेतातून वगळलेलं बरं.

पहिली दोन मात्र एकाच संध्याकाळी, एक पैसा न देता, आरामात बघून होतात. दोन्हींमध्ये साधारण अडीच किलोमीटरचं अंतर आहे. क्रम कुठला ठेवायचा आणि वेळ कोणती धरायची, एवढं साधलं की संध्याकाळ छान जाते. ते चुकलं तर थंडीत नुसती पायपीट होते.

तिकिटाचा घोळ

‘तिकीट लागतं’ असं कोणी सांगतं, कोणी ‘लागत नाही’ म्हणतं. दोघंही बरोबर असतात, कारण ती दोन वेगळ्या दिवसांबद्दल बोलत असतात. इलिप्सवर दिवे लावण्याचा समारंभ एकच दिवस असतो, नोव्हेंबरच्या अखेरीला किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या समारंभाला तिकीट लागतं. ते मोफत असतं, पण सोडतीने मिळतं. सोडत रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर शरद ऋतूत थोडेच दिवस खुली राहते. निकाल ईमेलने येतो. ही तिकिटं विकणारा कोणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, मुळात ती फुकट असतात.

समारंभानंतर मैदान सगळ्यांसाठी उघडतं. तेव्हापासून साधारण १ जानेवारीपर्यंत तिकीट लागत नाही, नोंदणीही नाही. नेमक्या तारखा आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा दरवर्षी थोड्या बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्क सर्व्हिसच्या पानावर त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. इतर संकेतस्थळांवर मागच्या वर्षीचीच माहिती तशीच राहिलेली असते आणि त्यावर विसंबून लोक फसतात.

सोडतीत नंबर लागला तर समारंभाला जावं का? लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर आमचं मत ‘नको’ असंच आहे. सुरक्षा तपासणीची लांब रांग, मग उघड्या मैदानात थंडीत कित्येक तास बसणं, मधेच बाहेर पडता येत नाही, आणि झाडाजवळ तर जाताच येत नाही. समारंभ नंतर टीव्हीवर घरी बसून दिसतो. झाडाभोवतीचा सगळा खजिना पुढच्या साध्या दिवशी हाताच्या अंतरावरून बघायला मिळतो.

कॅपिटलच्या झाडाचे दिवेही डिसेंबरच्या सुरुवातीलाच लागतात. प्रतिनिधिगृहाचे सभापती आणि ज्या राज्यातून झाड आलं तिथलं एखादं शाळकरी मूल मिळून ते लावतात. हा समारंभ आटोपशीर असतो, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. त्या दिवशी तुम्ही शहरात असाल तर तिकडे जरूर जा.

दिवस आणि वेळ

सोमवार ते गुरुवारपैकी एखादा दिवस धरा आणि तोही नाताळच्या आधीच्या आठवड्यापूर्वीचा. शनिवारी संध्याकाळी छोट्या झाडांभोवती इतकी दाटी असते की लहान मुलाला समोरच्याच्या कोटाची पाठ सोडून काही दिसत नाही. २३ ते २६ डिसेंबरला शाळांच्या सुट्ट्या आणि पर्यटक यांची एकच गाठ पडते.

वेळेच्या बाबतीत मात्र घड्याळ जवळ ठेवा. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ४ वाजून ४६-४७ मिनिटांनी, २१ तारखेला ४.५० च्या आसपास. त्यानंतर अर्धा तास आकाश गडद निळं राहतं. झाडाचे दिवे लागलेले आणि मागचं आकाश अजून काळं न झालेलं, असा तो अर्धा तास. सगळी संध्याकाळ त्याच्याभोवती बांधायची. पावणेसहाला पोचलात तर दिवे दिसतील, पण झाडाचा आकार अंधारात हरवलेला असेल.

म्हणून मैदानात चारच्या सुमाराला पोचा. उजेड असेपर्यंत छोटी झाडं बघायची, पावणेपाचला मोठ्या झाडापाशी यायचं, साडेपाचला कॅपिटलकडे निघायचं.

अंगावर काय, पिशवीत काय

दिवसा तापमान ८-९ अंश सेल्सिअसपर्यंत जातं, रात्री शून्याच्या जवळ येतं. तिथले फोन फॅरेनहाइट दाखवतात. ३२ म्हणजे आपलं शून्य, ४० म्हणजे साडेचार अंश, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं. खरा त्रास आकड्यापेक्षा वाऱ्याचा. इलिप्सवर आडोसा म्हणून काही नाही, त्यामुळे तापमान पाच अंश असलं तरी कान आणि बोटं बधिर होतात.

एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर घाला: आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. भारतातून आलेल्या आयांना साडीच नेसायची असेल तर आत थर्मलची पँट, पायात लोकरी मोजे आणि बंद बूट घाला. निऱ्या घोट्यापर्यंत वर घ्या. पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर कडेचं गवत चिखलाने माखतं आणि काठ भिजला की थंडी वर चढत जाते. चपला, सँडल नकोच. कानटोपी घरून न्या, बाहेर ठेल्यावर मिळते ती पातळ असते.

पिशवी लहान ठेवा. वाटेतल्या संग्रहालयात तपासणी होते आणि पिशवी मोठी असली की खोळंबा होतो. खिशातला चाकू, अगदी फळं कापायचा छोटासुद्धा, घरीच राहू द्या. ड्रोन तर राजधानीच्या आसपास उडवायलाच बंदी आहे. थर्मासमध्ये गरम पाणी किंवा चहा असावा, मात्र मेट्रोत खायला-प्यायला मनाई असते, त्यामुळे तो बाहेर पडल्यावर उघडा. थंडीत फोनची बॅटरी एरवीपेक्षा लवकर उतरते. फोन बाहेरच्या खिशात न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

जायचं कसं

गाडी घेऊन जाऊ नका. इलिप्सच्या आसपासचे रस्ते सुरक्षेसाठी बंद-चालू होत असतात, पार्किंग मिळत नाही आणि मिळवण्याच्या नादात तो निळा अर्धा तास हातचा जातो. मेट्रोनेच जा.

सगळ्यात सोयीचं स्टेशन फेडरल ट्रँगल. निळी, केशरी आणि चंदेरी अशा तिन्ही मार्गिकांच्या गाड्या इथे थांबतात. रेगन विमानतळाहून येणाऱ्यांना निळी गाडी थेट आणून सोडते. न्यूयॉर्कहून रेल्वेने किंवा बसने युनियन स्टेशनला उतरलेल्यांनी लाल गाडी पकडून मेट्रो सेंटरला उतरावं. तिथून एक तर गाडी बदलून पुढचंच फेडरल ट्रँगल गाठावं किंवा पंधरा मिनिटं चालावं. तिकिटासाठी स्मारट्रिप कार्ड घ्या, ते फोनमध्येही भरता येतं. मोठ्या माणसाबरोबरच्या पाच वर्षांखालच्या दोन मुलांना भाडं नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी सोडायची. स्थानिक लोक याबाबत फार काटेकोर आहेत.

फेडरल ट्रँगलला वर आलात की १२ व्या स्ट्रीटवर असता. दक्षिणेला जरासं चालून कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यू लागतो. तिथे उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला वळा. डाव्या हाताला लांबलचक दगडी इमारत दिसेल, ती नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरी. तिथे आधी आत जा. प्रवेश मोफत, संध्याकाळी साडेपाचपर्यंत उघडं असतं, कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवरूनही दार आहे, आत ऊब आहे, उपाहारगृह आहे आणि मुख्य म्हणजे स्वच्छ प्रसाधनगृहं आहेत. तीनच्या सुमाराला इथे पोचा, काहीतरी गरम खा, सगळ्यांनी प्रसाधनगृहात जाऊन या. पुढे मैदानाच्या बाजूला १५ व्या स्ट्रीटवर अभ्यागतांसाठीचं एक छोटं दालन आहे आणि तिथेही सोय असते, पण संध्याकाळी तिथली रांग बाहेरपर्यंत येते. मुलं आणि वयस्कर असलेल्या घरांचा बेत बहुतेक वेळा याच एका कारणाने विस्कटतो. २५ डिसेंबरला मात्र ही सगळी संग्रहालयं बंद असतात. त्या दिवशी जाणार असाल तर हॉटेलवरूनच सगळं उरकून निघा.

चारला दहा मिनिटं कमी असताना संग्रहालयातून बाहेर या, तसंच पश्चिमेला चाला, १४ वी आणि १५ वी स्ट्रीट ओलांडा. उजव्या हाताला मोकळं मैदान दिसेल, तेच इलिप्स. डाव्या हाताला टेकाडावर वॉशिंग्टन स्मारकाचा १६९ मीटर उंच मनोरा असतो, त्यामुळे दिशा चुकण्याची भीती नाही. मैदानाला कुंपण घातलेलं असतं आणि आत जायची जागा त्या वर्षीच्या आखणीप्रमाणे ठरते, तेव्हा मोबाइलच्या नकाशावरची टाचणी बघून चालण्यापेक्षा पाट्या बघा आणि माणसांचा ओघ कुठे चाललाय ते बघा. टाचणी झाडावर असते, दार मात्र भलत्याच बाजूला निघतं.

आत गेल्यावर: आधी छोटी झाडं

पाहुणे सरळ मोठ्या झाडाकडे धावतात, पाच मिनिटांत फोटो काढतात आणि ‘एवढंच?’ असं म्हणून परततात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं झाड डोक्यात ठेवून आलेल्यांची अशी निराशा हमखास होते. इलिप्सवरचं झाड त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीचं असतं. या मैदानाची खरी गोडी त्या मोठ्या झाडाच्या भोवतीने उभ्या केलेल्या छोट्या झाडांत आहे. त्या वाटेला ‘पाथवे ऑफ पीस’, शांततेची वाट म्हणतात.

अलीकडच्या वर्षांत ही झाडं ५८ असतात. ५० राज्यं, राजधानी, ग्वाम आणि पोर्तो रिकोसारखे प्रदेश, शिवाय परदेशांतल्या लष्करी तळांवरच्या मुलांच्या आणि मूलनिवासी मुलांच्या शाळा, अशी प्रत्येकाचं एक. प्रत्येक झाडापुढे नावाची पाटी असते आणि त्यावरची सजावट त्या त्या ठिकाणच्या शाळकरी मुलांनी केलेली असते.

इथे जवळ जाऊन, वाकून बघा. मुलांची कारागिरी पाऊसवाऱ्यात टिकावी म्हणून ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या गोळ्यांत बंद केलेली असते. लांबून सगळे गोळे सारखेच दिसतात. हातभर अंतरावरून आत कागदाचे कपटे, रंगवलेला डोंगर, राज्याचा पक्षी, कापसाचा बर्फ असं एकेक दिसायला लागतं. गोळ्यावर दव धरलेलं असतं. कोवळ्या हाताने मारलेली ब्रशची रेघ बाहेर गेलेली असते, डिंकाचा थेंब वाळून पिवळा पडलेला असतो. हे बघायला दिवसाचा उजेड हवा. अंधार पडल्यावर या झाडांवरचे दिवे लागतात आणि दिव्यांच्या चकाकीत आतली चित्रं पुसून जातात. चारला पोचा असं सांगितलं ते यासाठीच.

लहान मुलांना नुसतं ‘बघ’ म्हटलं तर ती दहा झाडांत कंटाळतात. त्यांना शोध द्या: आपण राहतो ते राज्य, मामाचं राज्य, विमान जिथे बदललं ते राज्य. सगळी ५८ बघण्याचा हट्ट नको. दहा-बारा झाडं मनापासून बघितलीत की चाळीस मिनिटं कशी गेली ते कळत नाही.

हरवलं तर भेटायचं कुठे, तेही इथेच ठरवा. ‘मोठ्या झाडापाशी’ हे ठिकाण कामाचं नाही, कारण तिथे सगळंच शहर उभं असतं आणि झाडाला चारही बाजू असतात. त्याऐवजी एका राज्याचं झाड नेमा, उदाहरणार्थ ‘टेक्ससच्या पाटीपाशी’. पाटी वाचता येते, कोणालाही विचारता येते. लहानग्यांच्या कोटाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही.

मोठ्या झाडाच्या पायथ्याशी खेळण्यातल्या आगगाड्या फिरत असतात. मुलं इथे खिळतात, तेव्हा हा भाग शेवटी ठेवा, आधी गाठलात तर पुढे कोणी हलत नाही. ज्यूंच्या हनुक्का या सणाचे दिवस असतील तर मैदानात भव्य मेनोरा, म्हणजे नऊ दिव्यांचा दीपवृक्षही दिसेल. या परिसरात तो १९७९ पासून उभारला जातो. हनुक्काच्या तारखा चांद्र कालगणनेप्रमाणे दरवर्षी सरकतात.

मोठं झाड

पावणेपाच झाले की मोठ्या झाडाकडे या आणि ते बघताना त्याचा इतिहास ठाऊक असू द्या, म्हणजे ते नुसतं दिव्यांचं शंकू राहत नाही.

पहिलं झाड २४ डिसेंबर १९२३ ला इथेच, इलिप्सवर लागलं. व्हरमाँट राज्यातून आणलेलं ४८ फुटी बाल्सम फर, त्यावर लाल, पांढरे आणि हिरवे मिळून २,५०० विजेचे दिवे. राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी बटण दाबलं. पुढे जागा बदलत गेल्या. १९४१ साली, पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा झाड व्हाइट हाउसच्या आवारात होतं आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासोबत ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल तिथून बोलले. पुढची तीन वर्षं युद्धामुळे झाडावर दिवे लागलेच नाहीत. इलिप्सवर ते कायमचं परतलं १९५४ साली.

अंधाराची आणखी एक आठवण १९७९ ची. तेहरानमध्ये अमेरिकी ओलीस अडकलेले होते म्हणून राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी फक्त शेंड्यावरचा तारा लावला आणि बाकी झाड काळोखात ठेवलं. १९८० मध्ये सगळे दिवे लागले, पण फक्त ४१७ सेकंद. ओलिसांच्या कैदेतल्या प्रत्येक दिवसाचा एक सेकंद. पुढच्या जानेवारीत सुटका झाली तेव्हा झाड पुन्हा उजळवलं. झाडासमोर उभं राहून एकदा ४१७ सेकंद मोजून बघा, जवळजवळ सात मिनिटं होतात. मुलांना हे सांगितलं तर ती खरंच मोजत बसतात आणि तेवढा वेळ झाडाकडे बघतात.

‘हे झाड जिवंत आहे की तोडलेलं?’ हा प्रश्न पाहुण्यांमध्ये कायम चालतो. १९७० च्या दशकात तोडलेल्या झाडाऐवजी मुळासकट लावलेलं झाड ठेवायचं ठरलं. १९७८ ला लावलेलं कोलोरॅडो ब्लू स्प्रूस तीस वर्षांवर टिकलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये वादळी वाऱ्यात मोडून पडलं. त्याच्या जागी आणलेलं झाड पुढच्याच वर्षी वाळलं. मोठं वाढलेलं झाड उपटून दुसरीकडे लावताना मुळांचा मोठा भाग मागेच राहतो, उरलेल्या मुळांना एवढ्या पानांची तहान भागवता येत नाही. त्यानंतरही झाडं रोगाने गेली. २०२३ मध्ये पुन्हा तोडलेलं झाड आणलं, वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगहेला जंगलातलं ४० फुटी नॉर्वे स्प्रूस. समारंभाला दोन दिवस असताना तेही वाऱ्याने आडवं पडलं, त्याच संध्याकाळी पुन्हा उभं केलं आणि ठरल्या दिवशी दिवे लागले. २०२४ ला व्हर्जिनियातून ३५ फुटी रेड स्प्रूस आलं. तेव्हा उत्तर वर्षावर अवलंबून आहे. बुंधा जमिनीतून वर आलेला दिसतो की आधारात रोवलेला, ते झाडाच्या तळाशी बघून ओळखता येतं.

फोटो

झाडाच्या दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे बघितलंत तर पाठीमागे व्हाइट हाउस येतं. उत्तरेच्या बाजूने दक्षिणेकडे बघितलंत तर वॉशिंग्टन स्मारक. दोन्ही घ्या, पण आधी स्मारकाचा, कारण नैर्ऋत्येकडच्या आकाशातली लाली लवकर विरते.

फोनने काढताना झाडावर बोट ठेवा आणि उजेड हाताने थोडा खाली ओढा. तसं न केल्यास फोन काळं आकाश बघून सगळंच उजळवतो आणि दिवे पांढरे गोळे होऊन बसतात. माणसांचा फोटो हवा असेल तर त्यांना झाडाला चिकटवून उभं करू नका. झाडापासून बरंच अलीकडे, एखाद्या छोट्या झाडाच्या दिव्यांचा उजेड तोंडावर पडेल असं उभं करा, म्हणजे फ्लॅश लागत नाही. कॅमेऱ्यात कधी कधी दिव्यांवर काळे पट्टे येतात किंवा एखादी माळ विझलेली दिसते. तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असते आणि तिच्यावर चालणारे काही एलईडी दिवे सेकंदात १२० वेळा लुकलुकतात. शटरची गती १/६० किंवा त्याहून संथ ठेवलीत की पट्टे जातात. ट्रायपॉड आणू नका, गर्दीत तो लोकांच्या पायात येतो आणि कॅपिटलच्या आवारात त्याला परवानगी लागते.

कॅपिटलकडे

साडेपाचला निघा. धडधाकट माणसांनी कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवरून सरळ पूर्वेला चालत जावं, पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. वाटेत ७ व्या स्ट्रीटजवळ नॅशनल गॅलरीच्या शिल्पबागेत बर्फावर घसरण्याचं रिंगण लागतं, कठड्यापाशी उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत.

गुडघे दुखणारे किंवा झोपाळलेली मुलं बरोबर असतील तर परत फेडरल ट्रँगलला येऊन पूर्वेकडे जाणारी कुठलीही गाडी पकडा, तिन्ही रंग चालतात. स्मिथसोनियन, लाँफाँ प्लाझा आणि तिसरं फेडरल सेंटर साउथ-वेस्ट. इथे उतरून ३ ऱ्या स्ट्रीटने उत्तरेला चाललात की दहा मिनिटांत कॅपिटलच्या पश्चिमेला पोचता. पुढचं कॅपिटल साउथ स्टेशन नावाने जवळचं वाटतं, पण ते टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आहे आणि तिथून झाडाला वळसा पडतो.

वाटेत बोटॅनिक गार्डन लागतं. नाताळात तिथे झाडांच्या साली, बिया, काटक्या वापरून केलेल्या राजधानीच्या इमारतींच्या प्रतिकृती मांडतात. मोसमातल्या काही ठरावीक संध्याकाळी ते आठपर्यंत उघडं असतं. तुमचा दिवस त्यात बसत असेल तर आधी इथे शिरा, हात शेकून निघतात.

कॅपिटलचं झाड बघायला अंधार पूर्ण पडलेला चालतो, कारण त्याच्या मागे प्रकाशाने न्हालेला घुमट असतो. म्हणूनच ते दुसऱ्या क्रमांकावर. इथली प्रथा १९६४ ची. तेव्हा पश्चिमेच्या हिरवळीवर जिवंत डग्लस फर लावलं होतं, ते १९६७ च्या वादळानंतर खचलं आणि मेलं. १९७० पासून राष्ट्रीय जंगलांनी पाळीपाळीने झाड द्यायची पद्धत पडली. २०२४ चं ८० फुटी सिट्का स्प्रूस अलास्काच्या टोंगास जंगलातून आधी समुद्रमार्गे आणि मग ट्रकवरून देश ओलांडून आलं. प्रवासात झाड वाळू नये म्हणून बुंध्याच्या टोकाला पाण्याची पिशवी बांधतात आणि ते पाणी रोज भरत राहावं लागतं. झाडावरचे हजारो दागिने त्या राज्यातल्या लोकांनी हाताने केलेले असतात.

हे झाड रात्री अकरापर्यंत उजळलेलं राहतं, तेव्हा इथे घाई नाही. आधी लांबून, पाणी असेल तर समोरच्या तळ्याच्या पश्चिम काठावरून बघा: घुमट, झाड आणि पाण्यातलं दोघांचं प्रतिबिंब एका नजरेत येतं. मग जवळ जा. शनिवारीसुद्धा इथे इलिप्सच्या मानाने शांतता असते.

काय बिघडू शकतं

वारा हा पहिला शत्रू. ताशी चाळीस-पन्नास मैलांच्या झोतांचा इशारा असेल तर बेत दुसऱ्या दिवशी ढकला. २०११ आणि २०२३ ची पडझड बघता अशा दिवशी मैदान बंद ठेवतात ते योग्यच आहे.

राष्ट्राध्यक्षांचा ताफा निघायचा असेल तर रस्ते आणि कधी मैदानाची बाजूच अचानक अडवतात. पोलिसांशी वाद घालू नका, कारण विचारू नका, दहा-वीस मिनिटं थांबा. बहुधा वाट मोकळी होते.

संसदेत अर्थसंकल्पाचा तिढा पडून सरकारी कामकाज थांबलं की त्याची झळ मैदानालाही बसते. डिसेंबर २०१८ मध्ये असं झालं होतं, त्यातच एक माणूस झाडावर चढल्याने दिव्यांचं नुकसान झालं आणि झाड काही दिवस बंद राहिलं, नाताळच्या आदल्या दिवशी ते पुन्हा सुरू झालं. अशा वर्षी कॅपिटलच्या झाडाचा पर्याय हाताशी ठेवा.

चाकांच्या खुर्चीवर कोणी असेल तर निघण्यापूर्वी मेट्रोच्या पानावर लिफ्ट चालू आहे का ते बघा. लिफ्ट सगळ्या स्टेशनांना आहे, पण ती बंद असली तर आधीच्या स्टेशनवर उतरून बस पकडावी लागते आणि ते थंडीत नको वाटतं. खुर्ची फरसबंद वाटेवरच ठेवा, भिजलेल्या गवतात पुढची लहान चाकं रुततात. ठेल्यांवरून कोको किंवा काही खायला घेताना भाव आधी विचारा, फलकावर नसला तर हमखास.

परतताना कॅपिटलच्या झाडापासून युनियन स्टेशनला चालत वीस मिनिटं लागतात. तिथे छताखाली खायला मिळतं, प्रसाधनगृहं आहेत आणि लाल गाडी तिथूनच सुटते. कामाच्या दिवशी साडेसातनंतर गाड्यांची गर्दी ओसरलेली असते आणि सगळ्यांना बसायला जागा मिळते.